अरण्यातील शोधयात्रा : खेळ आणि शिस्त

(पुणे येथील युवकांच्या निवासी शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला येथे बोलावले ते एका निश्चित हेतूने. येत्या हिवाळ्यात सह्याद्रीत एका दिवसाची पदभ्रमंती काढावी आणि तिला उपग्रहांच्या साहाय्याने घेतल्या जाणाऱ्या गुप्तपेटीच्या शोधाची जोड द्यावी, असा त्यांचा विचार आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात नोकरीनिमित्त वास्तव्य असताना हा खेळ मी अनेक वर्षे खेळलो. त्याविषयी मी दोन शब्द सांगावेत, अशी त्यांची अपेक्षा. मी दोन शब्दांहून बरेच अधिक बोलणार आहे, आणि त्यांतील काही संयोजकांच्या उत्साहाला आवर घालणारे असतील, हे आधीच सांगून ठेवतो.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. यातील 'कॅश' म्हणजे रोकड नव्हे; तसे वाटून माझ्या एका नातेवाइकांनी फार आस्थेने चौकशी केली होती. हा मूळचा फ्रेंच शब्द असून लपवून ठेवलेला साठा असा त्याचा अर्थ आहे. कोणी एक जण रानात, डोंगरात किंवा नदीकाठी एक पेटी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करतो. दुसरा तिचा शोध घेतो. सापडली की आतल्या वहीत नाव आणि दिनांक लिहायचा आणि पेटी होती तशी, होती तेथेच ठेवून निघायचे. पेटीतील एखादी वस्तू घ्यावीशी वाटली, तर तितक्याच मोलाची दुसरी तेथे ठेवायची. पारितोषिक नाही, पंच नाही, प्रेक्षक तर नाहीतच.

या खेळाला जन्मतारीख आहे. १ मे २००० रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक आदेश जाहीर केला. जीपीएस ही स्थाननिश्चितीची उपग्रह-व्यवस्था मुळात अमेरिकी संरक्षण खात्याची. तिच्या नागरी संकेतांत तोवर हेतुपुरस्सर दोष मिसळला जात असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातील संच १०० मीटरपर्यंत चुकत असे. सैन्याला लख्ख दिसावे आणि इतरांना अंधुक, असा तो हिशेब होता. त्या मध्यरात्री हा दोष काढून टाकण्यात आला आणि जगभरातील संच एका रात्रीत सुमारे दहापट अचूक झाले. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ऑरेगनमधील पोर्टलंड शहराजवळच्या बीव्हरक्रीक या गावाबाहेर डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञाने रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश महाजालावर प्रसिद्ध केले. बादलीत वही, पुस्तके, चित्रफिती, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा होता. तीन दिवसांत दोघे जण तेथे पोहोचले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा जगभरात अशा ७५ पेट्या होत्या. आज ती संख्या तीस लाखांच्या पुढे गेली आहे. खाद्यपदार्थ ठेवण्याची प्रथा मात्र लवकरच बंद करावी लागली, कारण मनुष्याआधी वन्यप्राणी पेटीपर्यंत पोहोचू लागले.

कल्पना तशी जुनीच. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडवळणाच्या ठिकाणी एक बाटली ठेवली होती. तेथवर चालत येणारे आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकत. फरक एवढाच की, पेरॉटच्या बाटलीपर्यंत जायला वाटाड्या लागे आणि आता उपग्रह लागतात.

येथे थोडे विषयांतर करतो. एका आदेशाने जे मिळते, ते दुसऱ्या आदेशाने थांबूही शकते, ही गोष्ट कोणत्याही राष्ट्राने विसरू नये. अमेरिकेने २००७ मध्ये नव्या पिढीच्या जीपीएस उपग्रहांत असा दोष मिसळण्याची सोयच ठेवणार नसल्याचे जाहीर केले, हे खरे. तरीही स्वतःची व्यवस्था असण्याचे महत्त्व त्याने कमी होत नाही. भारताने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह कक्षेत पाठवून 'नाविक' उभी केली. तिची वाटचाल सोपी झालेली नाही. काही उपग्रहांतील अणुघड्याळे निकामी झाली आणि त्यांच्या जागी नवे उपग्रह पाठवावे लागले. परंतु आज अनेक भ्रमणध्वनी अमेरिका, रशिया, युरोप आणि चीन यांच्या संकेतांबरोबर 'नाविक'चे संकेतही वाचतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

असो. यंत्र नेमके काय करते, ते समजून घेतल्याशिवाय रानात जाऊ नये, म्हणून थोडक्यात सांगतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते आणि तो आपली वेळ व आपले स्थान सतत प्रक्षेपित करीत असतो. संकेत पोहोचायला किती विलंब लागला, यावरून आपला संच अंतर काढतो. तीन उपग्रहांवरून जागा ठरते. चौथा लागतो तो आपल्या संचातील साध्या घड्याळाची चूक शोधण्यासाठी. सेकंदाच्या एक अब्जांश भागात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो. तेव्हा घड्याळ किंचित चुकले, तरी आपण भलत्याच डोंगरावर असू! मोकळ्या आकाशाखाली आजचा भ्रमणध्वनी साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. घनदाट ओल्या पानांखाली किंवा अरुंद दरीत संकेत अडतात, कड्यावर आपटून उशिरा येतात आणि ही अचूकता बिघडते. म्हणजे यंत्र तुम्हांला वाड्याच्या चौकात आणून सोडते. कोणत्या कोनाड्यात काय आहे, ते तुमचे तुम्ही पाहायचे.

जळालेले आणि पुन्हा लावलेले अरण्य

आता बहुटप्पी शोधाकडे येतो, कारण संयोजकांच्या मनात तोच आहे. यात प्रसिद्ध केलेल्या ठिकाणी पेटी नसते. तेथे असते एक खूण, आणि त्या खुणेवरून पुढच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढायचे असतात. असे चार-पाच टप्पे ओलांडल्यावर अखेरची पेटी. एक आकडा चुकला तर पुढचे सारे चुकते. किती चुकते, तेही लक्षात ठेवा. अक्षांशातील एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, हजारावा भाग जमिनीवर सुमारे १.८५ मीटर भरतो. दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या अंकात एकाची चूक झाली, तर तुम्ही झाडाच्या दुसऱ्या बाजूला असता. पहिल्या अंकात झाली, तर १८५ मीटर दूर, आणि डोंगराळ मुलखात ते बहुधा नदीच्या पलीकडे असते.

पोर्टलंडच्या पश्चिमेला, किनाऱ्याच्या डोंगररांगेत, टिलामूक नावाचे राज्य-अरण्य आहे. त्यातून विल्सन नदी वाहते आणि तिच्या काठाकाठाने वीस मैलांच्या आसपास लांबीची पाऊलवाट आहे. २०१४ च्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही सात जण एका शनिवारी या वाटेवर बहुटप्पी शोधासाठी गेलो. त्यांत दोन मराठी कुटुंबांतील पाच जण, एक तेलुगू सहकारी आणि आमचा पुढारी म्हणून सत्तरीच्या उंबरठ्यावरचे एक स्थानिक गृहस्थ होते. सकाळी आठला चालायला लागलो तेव्हा रिमझिम होती. त्या प्रदेशाचे ऋतुचक्र आपल्या उलट आहे. पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. शिकारीचा हंगाम असल्यामुळे प्रत्येकाने भडक नारिंगी जाकीट घातलेच पाहिजे, असा पुढाऱ्यांचा दंडक होता. संध्याकाळी सव्वासहाला सूर्यास्त. दुपारी दोन वाजता जेथे असू तेथून, पेटी सापडो वा न सापडो, परतीचा विचार सुरू, हेही त्यांनी निघण्यापूर्वीच सर्वांकडून कबूल करून घेतले.

पहिला टप्पा वनकेंद्राच्या आवारातील माहितीफलकापाशी होता. या अरण्याला लागलेल्या मोठ्या आगींची वर्षे शोधा आणि प्रत्येक वर्षाचा शेवटचा अंक घ्या. चौघांची बेरीज १८ यायला हवी. ती वर्षे होती १९३३, १९३९, १९४५ आणि १९५१. तीन, नऊ, पाच आणि एक. बेरीज जुळली आणि आमच्यातील धाकटा मुलगा आनंदाने ओरडला. पण पुढारी फलकापाशीच थांबून राहिले.

या चार आकड्यांमागे काय आहे, ते त्यांच्याकडून आणि नंतर वाचून मला समजले. १४ ऑगस्ट १९३३ रोजी, कडक उन्हाळ्यात, लाकूडतोडीच्या एका ठिकाणी ओंडके ओढताना घर्षणाने ठिणगी पडली. पुढील दिवसांत सुमारे २,४०,००० एकर अरण्य जळाले. त्यातील बहुतांश भाग तर एक-दीड दिवसाच्या वादळी वाऱ्यातच भस्मसात झाला. शेकडो वर्षांचे वृक्ष उभ्या कोळशासारखे राहिले. मग दर सहा वर्षांनी, जणू ठरवून, आग येत राहिली. चारही आगी मिळून ३,५५,००० एकर, म्हणजे सुमारे १,४४,००० हेक्टर प्रदेश होरपळला. काही ठिकाणी पुन्हा पुन्हा जळाल्यामुळे मातीत बीसुद्धा उरले नाही. निसर्ग आपोआप भरून काढील, असे म्हणण्याची सोय राहिली नव्हती.

तेव्हा त्या राज्यातील मतदारांनी १९४८ मध्ये, अगदी निसटत्या बहुमताने, राज्यघटनेत दुरुस्ती करून पुनर्वनीकरणासाठी कर्ज उभारण्यास मान्यता दिली. १९४९ पासून काम सुरू झाले. सुमारे ७ कोटी २० लाख रोपे हातांनी लावली गेली आणि हेलिकॉप्टरमधून बी टाकण्यात आले. रोपे लावणारे हात कोणाचे होते? पगारी मजूर होते, तुरुंगातील कैदी होते, गावोगावच्या नागरी मंडळांचे सदस्य होते आणि शाळांमधून बसने आणलेली हजारो मुले होती. १९७३ मध्ये राज्यपाल टॉम मॅकॉल यांच्या हस्ते या प्रदेशाचे 'टिलामूकचे जळीत' हे नाव जाऊन तो राज्य-अरण्य म्हणून ओळखला जाऊ लागला.

आमचे पुढारी त्या शाळकरी मुलांपैकी एक होते. खांद्याला रोपांची पिशवी, हातात कुदळीसारखे अवजार, चिखल, थंडी आणि दुपारी डब्यातला पाव. किती रोपे लावली, असे मी विचारले. आठवत नाही, म्हणाले. त्यांतले एखादे झाड ओळखता येईल का, या प्रश्नावर ते नुसते हसले. एकाच वयाची, एकाच उंचीची फरची झाडे मैलोन्‌मैल उभी होती. त्यांतले आपले कोणते, हे कोण सांगणार?

या कथेची एक बाजू फलकावर ठळक नव्हती, पण ती सांगितली पाहिजे. घाईच्या त्या काळात बरेचसे बी दूरच्या प्रदेशातून आणलेले होते आणि एकाच जातीचा फर दाट लावला गेला. पुढे पाने गाळणाऱ्या बुरशीजन्य रोगाने त्यांतील अनेक झाडांना ग्रासले. वृक्षारोपणाचा सप्ताह साजरा करून छायाचित्रे काढणाऱ्या आपल्याकडील मंडळींनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा. रोप कोठले, माती कोठली, हा प्रश्न उत्साहाइतकाच महत्त्वाचा असतो.

दुसरा टप्पा होता एका जुन्या सिडार वृक्षाचा बुंधा. पुरुषभर व्यासाचा, एका अंगाने अजून काळाभोर. सिडारचे लाकूड लवकर कुजत नाही, म्हणून ऐंशी वर्षांनंतरही तो उभा होता. बुंध्यावर लाकूडतोड्यांनी फळी अडकवून उभे राहण्यासाठी पाडलेल्या खाचा होत्या. त्या मोजून मिळालेला आकडा सूत्रात घातला, की दिशा आणि अंतर मिळत होते : अमुक अंशांवर १४० मीटर. येथे जीपीएस खिशात ठेवून होकायंत्र काढायचे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ठाऊक नसलेली एक गोष्ट तेथे पावलोपावली लागते. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे नव्हे, तर चुंबकीय उत्तरेकडे वळते. आपल्या महाराष्ट्रात या दोहोंत एका अंशाचाही फरक नसतो, म्हणून आपल्याला ते कधी जाणवतच नाही. ऑरेगनच्या त्या भागात तो सुमारे १५ अंशांचा आहे. १४० मीटर चालताना ही दुरुस्ती केली नाही, तर मनुष्य जवळजवळ ३७ मीटर बाजूला जातो. पुढाऱ्यांनी सकाळीच मुलांकडून हे गणित कागदावर सोडवून घेतले होते. शाळेत त्रिकोणमिती कशासाठी शिकवतात, असे विचारणाऱ्या मुलांना रानात न्यावे!

तिसऱ्या टप्प्यावर नेच्यांच्या गचपणात फिल्म-रोलची एक डबी टांगलेली होती. आतील चिठ्ठीत निरर्थक वाटणारी अक्षरे होती. या खेळात एक सोपी सांकेतिक लिपी रूढ आहे. इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्यापुढचे तेरावे अक्षर लिहायचे. अक्षरे सव्वीस, म्हणून तीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर परत मिळतो. चौथा टप्पा एका ओढ्यावरील लाकडी साकवाचा होता. कठड्याचे खांब मोजायचे होते आणि दुपार उतरू लागली होती. एकाच्या मोजणीत चौदा, दुसऱ्याच्या मोजणीत पंधरा. हा आकडा नेमका दशांशानंतरच्या पहिल्या जागी जाणार होता. तेव्हा सर्वांनी पुन्हा, स्पर्श करीत, मोठ्याने मोजले. पंधरा.

अखेरची पेटी वाटेपासून चाळीस पावलांवर, पडलेल्या एका ओंडक्याच्या पोटाशी, सालीच्या तुकड्यांखाली होती. ती सैन्याने वापरून मोडीत काढलेली दारूगोळ्याची पत्र्याची पेटी होती. पाणी आत शिरत नाही म्हणून या खेळात तिला फार मागणी असते. गोळ्यांच्या पेटीत आता गोट्या, एक शिट्टी, एक लाकडी बेडूक आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही होती. आमच्या धाकट्याने दोन गोट्या घेतल्या आणि दोन रुपयांचे नाणे ठेवले. वहीत आम्ही देवनागरीत नावे लिहिली. सालीचे तुकडे पुढाऱ्यांनी स्वतः, जसे होते तसे, एकेक करून परत मांडले. त्याला आमच्या नावे लिहिण्यापेक्षा अधिक वेळ लागला. दिवसभरात जेमतेम चौदा किलोमीटर चालणे झाले.

कुलूप नसलेली पेटी

मित्रहो, त्या पेटीला कुलूप नव्हते. त्या वहीतील पहिली नोंद दहाएक वर्षांपूर्वीची होती. या काळात तेथे आलेल्या प्रत्येकाला ती उचलून नेता आली असती. कोणी पाहत नव्हते. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी ती एकामागून एक सांभाळली. अशा पेट्या चोरीला जात नाहीत, असे मात्र समजू नका. जातात, फेकल्या जातात, कुजतात. लपवणारा वर्षभर तिकडे फिरकला नाही, तर त्या पेटीचा उकिरडा होतो. म्हणूनच जो पेटी ठेवतो, तो तिचा कायमचा जबाबदार मानला जातो. जमीनमालकाची अनुमती, खड्डा खणून न पुरणे आणि दोन पेट्यांत किमान १६१ मीटर अंतर ठेवणे, हे नियम त्या खेळाने अनुभवातून घडवले. वाटेत दिसेल तो कचरा पिशवीत घालून आणण्याची प्रथाही तशीच पडली. आमच्याकडे त्या दिवशी शिकाऱ्यांनी टाकलेल्या काडतुसांची टरफले आणि शीतपेयांचे डबे मिळून दोन पिशव्या भरल्या.

आपल्याकडे हे अनोखे वाटायला नको. देवरायांना कुंपण कोठे होते? वाळलेले पानही बाहेर न्यायचे नाही, असा दंडक कित्येक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला आणि त्यामुळे सह्याद्रीतील काही दुर्मीळ वृक्ष आज पाहायला मिळतात. आणि त्याच आपल्या डोंगरात, गेल्या काही दशकांत, किल्ल्यांच्या दगडांवर तैलरंगाने आपली नावे लिहिणारेही आपणच आहोत. तेव्हा पेटी लपवण्यापूर्वी, आपण यांपैकी कोणाचे वारस म्हणून तेथे जाणार आहोत, हे ठरले पाहिजे.

सह्याद्रीत काय चालेल

आता संयोजकांच्या आराखड्याकडे येतो. त्यात किल्ल्यावर तीन पेट्या ठेवण्याचे योजले आहे. माझे स्पष्ट मत आहे की, किल्ल्यावर एकही पेटी ठेवू नये.

कारण केवळ कायद्याचे नाही. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आहेच. बारा मराठाकालीन दुर्ग जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, हेही आहे. खरे कारण शोधणाऱ्या हाताच्या सवयीत आहे. पेटी शोधणारा मनुष्य दगड उचलून पाहतो. यंत्राने त्याला दहा मीटरच्या वर्तुळात आणून सोडलेले असते आणि त्या वर्तुळातील प्रत्येक सांदीत, कोनाड्यात, ढासळलेल्या तटाच्या प्रत्येक चिऱ्याखाली तो हात घालणार. वीस जणांनी वीस दगड हलवले की, साडेतीनशे वर्षे पावसाला दाद न देणारा तट आपण एका रविवारी खिळखिळा केला. शिवाय सांदीत हात घालणे हे आपल्या डोंगरात सापाच्या आणि विंचवाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतही अनुमतीवाचून अशा पेट्या ठेवता येत नाहीत, हे लक्षात घ्या.

अभयारण्यांची गोष्टही तीच. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना येथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवेशासाठीच अनुमती लागते. वनखात्याला लेखी विचारल्याखेरीज तेथे खुणेची चिठ्ठीही टांगू नये. देवराईत तर कोणताही टप्पा नको, अनुमती मिळत असली तरी. आणि गावात, बसस्थानकाजवळ, पुलाखाली पेटी ठेवण्याचा मोह कोणाला होत असेल, तर रेल्वेस्थानकावरील बेवारस वस्तूंविषयीची घोषणा आठवावी. इंग्लंडमधील वेदरबी या गावात जुलै २०११ मध्ये अशाच एका डबीमुळे बॉम्बची आवई उठून पोलिसांना रस्ते बंद करावे लागले होते आणि ती डबी नियंत्रित स्फोटाने उडवावी लागली होती. आपल्या महानगरांनी जे भोगले आहे, ते पाहता येथे असा खेळ कोणी थट्टेवारी नेणार नाही.

मग शोध कसा घ्यायचा? पेटीवाचून. या खेळाचाच एक प्रकार भूशास्त्राच्या अभ्यासासाठी २००४ पासून चालत आला आहे; त्यात कोठेही काहीही ठेवत नाहीत. त्या जागी जाऊन पाहिल्याशिवाय देता येणार नाही, अशा प्रश्नाचे उत्तर हीच पेटी. आपला सह्याद्री तर यासाठीच घडला आहे, असे वाटावे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. या कड्यात किती थर दिसतात? टाक्यातील खांब किती? दरवाजाचे तोंड कोणत्या दिशेला, आणि शत्रूला ते खालून का दिसत नसावे? कातळपायऱ्या किती, आणि त्यांतील किती सुरुंगाने उडवलेल्या?

सांकेतिक लिपीसाठी इंग्रजी वर्णमालेकडे जाण्याचीही आवश्यकता नाही. आपल्याकडे कटपयादी पद्धती आहे. क, ट, प आणि य यांपासून एक, दोन, तीन असे मोजत प्रत्येक व्यंजनाला अंक दिलेला आहे, ञ आणि न यांना शून्य. शब्द लिहायचा आणि त्याचे अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. केरळच्या ज्योतिर्गणितात ती शतकानुशतके वापरली गेली. या रीतीने 'तोरणा' म्हणजे ५२६ आणि 'राजगड' म्हणजे ३३८२. आता मला सांगा, अक्षांशाचा दशांश भाग एखाद्या शब्दात लपवायला याहून चांगले साधन कोणते?

खुणा ठरवण्याचे काम मात्र पुण्यात बसून करू नये. पायथ्याच्या गावातील शाळेत जावे, मुख्याध्यापकांशी बोलावे आणि निदान दोन टप्पे तेथील मुलांकडून तयार करून घ्यावेत. कारवी कोठे आहे, जुनी पायवाट कोठून जाते, आंब्याच्या कोणत्या फांदीवर शेकरूचे घरटे आहे, हे तुमच्या उपग्रहाला ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे. अखेरची पेटी हवीच असेल, तर ती त्या शाळेच्या आवारात, त्यांच्या देखरेखीखाली राहू द्या.

उरल्या काही व्यावहारिक गोष्टी. चार ते सहा जणांची तुकडी, त्याहून मोठी नको. प्रत्येकी तीन लिटर पाणी. डिसेंबरमध्येही दुपारचा कातळ तापतो. कड्याला आग्या मोहोळ असेल, तर ती वाटच सोडायची. तेथे आरडाओरडा, धूर किंवा अत्तर नको. जीपीएससाठी भ्रमणध्वनी पुरेसा आहे. परंतु नकाशा आधीच उतरवून ठेवावा, कारण दरीत संपर्क मिळत नाही आणि थंडीत विजेरी घट लवकर उतरतो. कागदी नकाशा आणि होकायंत्र प्रत्येक तुकडीत असलेच पाहिजे. परदेशातील नातेवाइकांनी उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण भेट म्हणून आणले असेल, तर ते घरीच ठेवा, किंबहुना आणूच देऊ नका. असे उपकरण परवान्याशिवाय बाळगणे भारतात गुन्हा आहे आणि विमानतळांवर परदेशी प्रवाशांनाही त्यापायी अटक झालेली आहे. दुपारी दोनला मागे फिरण्याचा नियम मी टिलामूकहून जसाच्या तसा आणला आहे. त्यात सवलत नाही, अगदी शेवटचा टप्पा समोर दिसत असला तरीही.

संयोजकांनी मान्य केले, तर पहिली चाचणी-फेरी पेटीवाचून, पाच टप्प्यांची काढू. नावनोंदणीची वही बाहेर मेजावर ठेवली आहे. नावापुढे रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहा, आणि ज्यांना होकायंत्र वापरता येत नाही त्यांनी तसेही लिहा. त्यांच्यासाठी आदल्या रविवारी सकाळी सात वाजता याच मैदानावर सराव आहे.